नावाचं झाड जगवायचं कुणी?

शेतकरी बंधूंनो आणि गावच्या कारभाऱ्यांनो, २०२३ सालचा ऑगस्ट महिना आठवून पाहा. 'मेरी माटी मेरा देश' या अभियानात गावोगावी शिलाफलक बसवायचा होता. देशासाठी प्राण दिलेल्या गावातल्या माणसांची नावं त्यावर कोरायची होती. जोडीला 'वसुधा वंदन' म्हणून पंच्याहत्तर देशी रोपं लावून अमृत वाटिका उभी करायची होती. फोटो निघाले, हातात माती घेऊन शपथ झाली, गावची माती कलशातून दिल्लीला गेली. कार्यक्रम चांगला झाला, त्याबद्दल वाद नाही.

आता एक काम करा. हा अंक वाचून झाला की त्या वाटिकेकडे एक चक्कर मारा आणि पंच्याहत्तरपैकी किती रोपं जगली ते मोजा. ज्या गावात निम्म्याच्या वर उभी असतील त्या गावाला माझा नमस्कार. पण कामानिमित्त मी जी गावं फिरतो, त्यातल्या काही ठिकाणी फलक जागेवर आहे आणि मागे गवत आहे. आळ्याच्या खुणा दिसतात, रोपाची काठी दिसते, रोप दिसत नाही.

अशाच एका वाटिकेत एक माजी सैनिक भेटले. गावात त्यांना सगळे मेजरच म्हणतात. त्यांचे थोरले बंधू लढाईत गेले, फलकावर नाव आहे. मला म्हणाले, "साहेब, ह्यातलं आमच्या थोरल्याचं झाड कंचं? कळलं असतं तर घागरभर पाणी मीच घातलं असतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. फलकाला नाव होतं, झाडाला नव्हतं. झाड सगळ्या गावाचं, म्हणून ते कुणाचंच नव्हतं.

हा प्रश्न काही आपल्याच गावांना पडलेला नाही. लढाईत गेलेल्यांच्या नावाने रस्त्याकडेला झाडं लावण्याचा मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात झाला. त्यातलं काय टिकलं, काय वाळलं, कुणी काय चूक केली, हे आज आपल्याला आयतं पाहायला मिळतं. शेजाऱ्याच्या शेतातला प्रयोग बघून आपण बियाणं ठरवतो, तसंच हे आहे.

थडगं नाही, म्हणून झाड

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ चाललं. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्याही आत होती आणि त्यातले सुमारे साठ हजार लोक या युद्धात मारले गेले. ते पडले तुर्कस्तानात, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये. ब्रिटिश साम्राज्याने नियम केला होता की मृतदेह मायदेशी आणायचा नाही, जिथे पडला तिथेच पुरायचा. म्हणजे गावाकडच्या आईला मुलाचं तोंडही दिसायचं नाही आणि पुरलेली जागाही नाही. तिकडे जायला महिनाभराचा बोटीचा प्रवास, तो गरिबाला कुठून परवडणार?

मग लोकांनी वाट काढली. गावात येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडांच्या रांगा लावायच्या आणि एकेक झाड एकेका माणसाच्या नावाने करायचं. आईने त्या झाडाशी जाऊन बसावं, फुलं ठेवावीत. अशा रस्त्यांना तिकडे 'सन्मानाचा रस्ता' अशा अर्थाचं नाव पडलं. ऑस्ट्रेलियात असे शेकडो रस्ते झाले, सगळ्यात जास्त व्हिक्टोरिया राज्यात. त्यामागे नव्या भरतीला उत्तेजन देण्याचाही हेतू होता, हे लपवण्याचं कारण नाही. पण लोकांनी ती झाडं जपली ती भरतीसाठी नाही, आपल्या माणसासाठी.

शिवणकाम करणाऱ्या बायांचा बावीस किलोमीटर रस्ता

यातलं सगळ्यात गाजलेलं काम बॅलरॅट या गावचं. मेलबर्नपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं हे सोन्याच्या खाणींचं गाव. तिथे लुकास नावाचा कपडे शिवण्याचा कारखाना होता आणि त्यात सुमारे पाचशे बाया-मुली कामाला होत्या. झाडांच्या कामाचा पुढाकार या कामगार बायांनी घेतला. ३ जून १९१७ रोजी पहिली लावणी झाली आणि १९१९ सालात काम पुरं झालं. एकूण ३,८०१ झाडं लागली आणि रस्त्याची लांबी भरली जवळजवळ बावीस किलोमीटर. खर्चासाठी या बायांनी स्वतः वस्तू करून विकल्या, कार्यक्रम केले, वर्गणी गोळा केली. रस्त्याच्या तोंडाशी विजय कमान बांधली, तिचं उद्घाटन १९२० साली इंग्लंडच्या युवराजाने केलं.

आपण शेतीवाले आहोत, म्हणून थोडा हिशेब करू. ३,८०१ झाडं दोन बाजूंना, म्हणजे एका बाजूला एकोणीसशे. बावीस किलोमीटरला एकोणीसशेने भागा. दोन झाडांत साडेअकरा मीटरच्या आसपास अंतर येतं. म्हणजे लावतानाच त्यांनी पुढच्या शंभर वर्षांचा घेर डोळ्यापुढे ठेवला होता. आपल्याकडे दीड-दोन मीटरवर वड आणि पिंपळ शेजारी शेजारी लावलेले मी पाहिले आहेत. संख्या भरते, झाड मात्र मोठं होत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. बॅलरॅटला झाडं लावली ती शिपाई ज्या क्रमाने भरती झाले त्या क्रमाने. अधिकारी आधी आणि शिपाई मागून, असं केलं नाही. श्रीमंताच्या मुलाला मोक्याची जागा आणि मजुराच्या मुलाला कडेची, असंही नाही. जो आधी गेला त्याचं झाड आधी. आणि झाड फक्त मेलेल्यांचं नव्हतं, त्या भागातून जो जो गेला त्या प्रत्येकाचं होतं. त्यामुळे यादी तयार झाली, यादीला अनुक्रम आला आणि प्रत्येक अनुक्रमाला जमिनीवर एक जागा आली. पुढे झाडांपाशी कायम टिकतील अशा काशाच्या नावपट्ट्या बसवल्या गेल्या. शंभर वर्षांनंतर आजही नातवंडं-पतवंडं येतात आणि यादीवरून आपलं झाड शोधतात.

तिसरी गोष्ट वेळेची. लावणी जून ते ऑगस्टच्या सुमारास व्हायची. आपला तो पावसाळा, पण तिथे तो हिवाळा असतो. जमिनीत ओल असते आणि पानगळीची झाडं झोपेत असतात, म्हणून मुळं दुखावत नाहीत. सोहळ्याची तारीख त्यांनी झाडाच्या सोयीने धरली. तारीख आधी आणि झाड मागून, असा उलटा कारभार केला नाही.

एकच जात लावली की काय होतं

बॅलरॅटच्या अलीकडे बॅकस मार्श नावाचं गाव आहे. फळबागांचं, भाजीपाल्याचं, आपल्याला ओळखीचं वाटावं असं. तिथे ऑगस्ट १९१८ मध्ये २८१ एल्मची झाडं लागली. बिगुल वाजला आणि सगळी झाडं एकाच वेळी लावली गेली. लहान गाव, पण प्रत्येक झाडामागे एक माणूस उभा राहिला.

ही सगळी झाडं एकाच प्रकारची, एल्म. कमानीसारखी वर मिळतात, दिसायला फार सुंदर. पण धोका त्यातच आहे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत एल्मवर एक बुरशीजन्य रोग आला. सालीत राहणारा भुंगा तो झाडाझाडावर नेतो. त्या रोगाने तिकडची लाखो एल्म झाडं गेली. ऑस्ट्रेलियात तो रोग अजून पोचलेला नाही, म्हणून जगातल्या मोठ्या एल्मच्या रांगा आज तिथे उरल्या आहेत. मात्र एल्मची पानं खाणारा भुंगेरा १९८९ साली तिथे सापडला आणि तेव्हापासून फवारण्या, खोडात औषध देणं हा खर्च मागे लागला.

आपल्याकडेही हे विसरू नका. २०२१ च्या सुमारास तेलंगणात कडुनिंब शेंड्याकडून वाळत खाली येण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. कडुनिंबावर रोग येत नाही असं आपण समजत होतो. सगळी वाटिका एकाच जातीची केली आणि उद्या काही आलं, तर सगळी नावं एका हंगामात वाळतील. म्हणून चार-पाच जाती मिसळून लावाव्यात.

बॅकस मार्शची दुसरी गोष्ट रस्त्याची. वाहनं वाढली, चौक मोठा करायचा ठरला आणि त्यासाठी काही एल्म काढण्याचा प्रस्ताव आला. गावकऱ्यांनी विरोध केला, झाडांपाशी ठाण मांडलं. तिथे ही झाडं वारसा म्हणून नोंदलेली होती, म्हणून लोकांच्या म्हणण्याला कागदाचं बळ होतं. नुसत्या भावनेवर रस्ता थांबत नाही, मग तो तिकडचा असो की इकडचा.

दिसायला सुंदर, पण जमिनीला न मानवणारं

आता पर्थला चला. हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाचं शहर. तिथल्या किंग्ज पार्कमध्ये १९१९ पासून असेच नावाचे रस्ते झाले. ते लोक मूळचे इंग्लंडचे, मनात इंग्लंडचीच झाडं. म्हणून सुरुवातीला युरोपातली पानगळीची झाडं लावली. पण पर्थची जमीन रेताड आणि उन्हाळा कडक, कोरडा. झाडांनी जीव धरला नाही. पुढे त्यांच्या जागी नीलगिरीच्या वर्गातली, त्याच देशात वाढणारी झाडं लावावी लागली. मधली वर्षं फुकट गेली, खर्च दोनदा झाला.

यात आपल्यासाठी काय आहे? नर्सरीत फुललेलं रोप दिसलं की आपल्यालाही मोह होतो. गुलमोहर चार वर्षांत लाल होतो, फोटोला छान. पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते. विलायती जातींना सुरुवातीची वाढ असते, पुढची शाश्वती नसते. ज्या झाडाने गावच्या शिवारात दुष्काळ काढला आहे, तेच झाड नावासाठी निवडावं. शिवारात कोणती जुनी झाडं उभी आहेत ते पाहा. तीच तुमच्या जमिनीची शिफारस समजा.

झाडालाही वय असतं

कॅनडातल्या कॅलगरी शहरात मेमोरियल ड्राइव्ह नावाचा नदीकाठचा रस्ता आहे. तिथे १९२२ पासून काही वर्षांत ३,२७८ झाडं लावली, बहुतेक पॉप्लर. पॉप्लर झपाट्याने वाढतं, पण फार वर्षं जगत नाही. ऐंशी वर्षांनी झाडं म्हातारी झाली, पोकळ झाली, वाहनांवर पडायची भीती निर्माण झाली. तोडावीत तर लोकांच्या भावना दुखावतात, ठेवावीत तर जीव जातो.

मग त्यांनी आपल्या माळ्यासारखा विचार केला. २००१ च्या सुमारास मूळ झाडांच्या फांद्यांच्या काड्या काढल्या, नर्सरीत त्यांची रोपं केली आणि तीच पुन्हा लावायला घेतली. डोळा काडीचा, रक्त जुन्याच झाडाचं. आजोबांच्या नावाचं झाड गेलं तरी त्याचाच अंश पुढे उभा राहतो. माणसाला हे सांगितलं की पटतं.

आपल्याकडे हे काम आणखी सोपं आहे. वडाची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडाला ओल्या जमिनीत रोवली तरी फुटते. पिंपळ, उंबर यांचंही आयुष्य मोठं. पॉप्लरसारखी घाई करायचं आपल्याला कारणच नाही. ज्या झाडाचं वय माणसाच्या तीन पिढ्यांपेक्षा जास्त आहे, ते लावलं तर पणतूलाही तेच झाड दिसेल.

टास्मानियातल्या होबार्टची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे १९१८-१९ साली टेकडीवर अशीच रांग लागली. पुढे दुसरं महायुद्ध आलं, माणसं म्हातारी झाली, झाडं वाळली, नावाच्या पाट्या गेल्या. रस्ता नुसता टेकडीवरचा रस्ता उरला. या शतकाच्या सुरुवातीला काही नागरिकांनी मंडळ केलं, जुनी कागदपत्रं शोधली, कुठल्या जागी कुणाचं झाड होतं ते जुळवलं आणि गेलेल्या जागा पुन्हा भरल्या. हे जमलं, कारण कुठेतरी यादी शिल्लक होती. झाड मेलं तर परत लावता येतं, यादी मेली तर काहीच करता येत नाही.

आपलाही या युद्धाशी संबंध आहे

कुणी म्हणेल, साहेब, ऑस्ट्रेलियाचं आम्हाला कशाला? तर ऐका. त्याच पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या वर माणसं गेली आणि सत्तर हजारांच्या वर परत आली नाहीत. पुण्याची सहावी डिव्हिजन आजच्या इराकमध्ये, कूट या गावात वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. त्यात मराठा पलटणींचे जवान होते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. आजही ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखलं जातं.

सातारा, पुणे, कोकण या भागांतल्या कितीतरी गावांत, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत त्या काळची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, त्यापैकी इतके मेले, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. बहुतेक पाट्यांवर आकडा आहे, नाव नाही. आपल्या माणसांनाही परदेशातच अग्नी मिळाला नाहीतर माती मिळाली. त्यांच्या आयांनाही जागा मिळाली नाही. मात्र आपल्याकडे त्यांच्यासाठी रस्ताभर झाडं लागली नाहीत. परक्या सरकारने आकडा लिहिला आणि विषय संपवला.

१९६२, १९६५, १९७१, १९९९ आणि त्यानंतरही रोज सीमेवर माणसं गेली. त्यांचे पुतळे झाले, शाळांना नावं दिली गेली. पण गावातल्या मृत जवानाचं नाव आणि गावातलं झाड हे दोन्ही सरकारी कार्यक्रमात गावोगाव एकत्र आलं ते २०२३ साली. म्हणून ही संधी मोठी होती, अजूनही आहे. फलक तयार आहे, जागा ठरलेली आहे. राहिलं आहे ते झाड जगवण्याचं.

चूक कुठे होते?

माझ्या मते चूक माणसांच्या मनात नाही, कामाच्या मोजमापात आहे. आपल्याकडे लावलेली रोपं मोजतात, तीन वर्षांनी उभी असलेली झाडं कुणी मोजत नाही. लावणीचा फोटो वर पाठवला की काम पुरं. पेरणीच्या एकरांवरून उत्पादन धरलं तर कुठला शेतकरी ते मान्य करील? नांगे न भरता, खुरपणी न करता पीक येतं का? मग झाड कसं येईल?

दुसरं कारण जागेचं. वाटिकेला जागा मिळते ती बहुधा कुणाला नको असलेली. गायरानाचा कोपरा, मुरमाड टेकाड, नाहीतर स्मशानाजवळची पट्टी. तिथे पाणी नाही, कुंपण नाही, राखण नाही. शेळ्यांनी रोप खाल्लं तर शेळीवाल्याला बोल लावून उपयोग नाही, तिची चरायची जागाच ती होती.

तिसरं कारण आपल्या भागात खरं आहे आणि ते टाळून चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यात जिथे बायका दोन हंडे पाण्यासाठी उन्हात उभ्या असतात, तिथे झाडाला पाणी घाला म्हणायला जीभ रेटत नाही. यावर माझं उत्तर एकच आहे, संख्या कमी करा. पंच्याहत्तर रोपांना आठवड्याला वीस लिटरप्रमाणे दीड हजार लिटर पाणी लागतं. फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत वीस आठवडे धरले तर तीस हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे सहा टँकर. ते टंचाईच्या गावाला झेपणार नाही. पण दहा झाडं असली तर आठवड्याला दोनशे लिटर, म्हणजे एक बॅरल. एक बॅरल कुठलंही गाव देऊ शकतं. हातपंपाखाली वाया जाणारं, टाकीच्या गळतीचं, घरातलं साबण नसलेलं सांडपाणीसुद्धा चालतं. पंच्याहत्तर वाळक्या काड्यांपेक्षा दहा जिवंत झाडं बरी. गावातून गेलेली माणसं दोन असतील तर झाडंही दोनच लावा, पण ती जगवा.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे यादी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची खात्री करून घ्या. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेने ठेवल्या आहेत. शाळेतल्या मास्तरांना आणि पोरांना हे काम आवडेल. भिंतीवरच्या पाटीवर नुसता आकडा असेल तर त्या आकड्यामागची नावं शोधा. यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा, एक प्रत शाळेत ठेवा. यादीत नाव, झाडाचा नंबर, झाडाची जात आणि लावल्याची तारीख असावी.

दुसरं, जागा. रस्त्याकडेला लावणार असाल तर रस्ता कुणाचा ते आधी विचारा. बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा की ग्रामपंचायतीचा? पुढे रुंदीकरण किती मीटरपर्यंत येऊ शकतं तेही लेखी विचारा. वीस वर्षं जपलेलं शहिदाचं झाड रुंदीकरणात पडलं तर दुःख दुसऱ्यांदा होतं. विजेच्या तारांखाली मोठं होणारं झाड लावू नका, दर वर्षी त्याचा शेंडा छाटला जाईल. शंका असेल तर रस्ता सोडा आणि शाळेचं आवार, मंदिराचं पटांगण नाहीतर तलावाची कड घ्या. तिथे माणसाची नजर असते.

तिसरं, जात आणि अंतर. वड, पिंपळ यांना बारा मीटर अंतर ठेवा आणि ते इमारतीपासून, विहिरीपासून लांब लावा. चिंच, आंबा यांना दहा मीटर. कडुनिंब, करंज, जांभूळ यांना सात-आठ मीटर. चार जाती मिसळा. रोप गुडघ्याएवढं नको, किमान पाच-सहा फुटी, दोन वर्षांचं घ्या. शेळीच्या तोंडाच्या वर शेंडा गेला की निम्मी राखण झाली.

चौथं, खड्डा. उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तापू द्या. मुरूम असेल तर तीन फुटी घ्या. तलावातला गाळ, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वरची माती मिसळून भरा. पहिले दोन चांगले पाऊस होऊन ओल खोल गेली की लावा. तारीख १५ ऑगस्टच हवी असा हट्ट नको. जुलैत लावा आणि १५ ऑगस्टला नावाची पाटी बसवा. झाडाचंही भागतं, सोहळ्याचंही. रोपाला बांबूचा आधार, भोवती काटेरी फांद्यांचं कुडण आणि आळ्यात उसाचं पाचट नाहीतर वाळल्या गवताचं आच्छादन द्या. बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीचं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर कमी पाण्यात जास्त दिवस निघतात.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस. प्रत्येक झाडाला एक घर नेमा. जवानाचं कुटुंब गावात असेल तर तेच. नसेल तर शेजारचं घर, माजी सैनिक किंवा शाळेचा एक वर्ग. कुणाचं झाड कुणाकडे, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. मेलेल्या रोपाच्या जागी पुढच्या पावसाळ्यात त्याच नावाने दुसरं लावायचं, म्हणजे नांगे भरायचं काम ग्रामपंचायतीचं. रोजगार हमीच्या कामातून झाडं जोपासण्याची मजुरी मिळू शकते का, याचे सध्याचे नियम पंचायत समितीत विचारून घ्या.

आणि दर वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की यादी हातात घेऊन झाडं मोजा. किती जगली तो आकडा फळ्यावर लिहा. लाज वाटली तर वाटू द्या, तीच पुढच्या वर्षी पाणी घालते.

१५ ऑगस्टची ग्रामसभा

सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत नव्या रोपांची मागणी करू नका. आधी आहेत त्यांची यादी मांडा. मेलेल्या जागा सोडून द्या, जगलेली झाडं निवडा आणि फलकावरच्या नावांना ती वाटून द्या. एवढा एक ठराव झाला तरी अर्धं काम झालं. २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' चालू झालं आहे, त्यालाही हाच नियम लावा. आईच्या नावाचं झाड असो की मुलाच्या, जबाबदार घर ठरल्याशिवाय खड्डा घेऊ नका.

बॅलरॅटच्या त्या बाया श्रीमंत नव्हत्या. दिवसभर शिवणयंत्रावर काम करून त्यांनी बावीस किलोमीटर रस्ता उभा केला. आपल्याला बावीस किलोमीटर नको आहे. चावडीपासून शाळेपर्यंतची दहा झाडं पुरे.

मी मेजरांना शब्द दिला आहे की या पावसाळ्यात त्यांच्या थोरल्याचं झाड ठरवून देऊ. त्यांनी वड मागितला आहे. गावच्या जुन्या वडाची फांदी त्यांनीच हेरून ठेवली आहे आणि मडकंही आणलं आहे. ग्रामपंचायतीने फक्त जागा आखून द्यायची आहे. तुमच्या गावात असा मेजर असेल, विधवा भगिनी असेल, म्हातारी आई असेल, तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच जाऊन सांगा, हे झाड तुमचं.